बावीस फेरे

चावीवाल्याची चावी खिशात मावणारी नव्हती. छातीपर्यंत येईल एवढी लांब लोखंडी दांडी, वर आडवी मूठ, खाली चौकोनी खोबण. ती खांद्यावर टाकून तो पहाटे पाचला घराबाहेर पडायचा, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण सरकवायचा, चावी आत सोडून व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायचा आणि फिरवायला लागायचा. मग गावाच्या नळांना पाणी यायचं. तीस वर्षं त्यानं हेच केलं. त्याआधी त्याच्या वडिलांनी हेच केलं होतं.

गावात असे नऊ व्हॉल्व्ह. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. बाजारातला दहा फेऱ्यांत पूर्ण उघडायचा, शाळेजवळचा चौदा, आणि चढाच्या पायथ्याशी होता तो सगळ्यांत हट्टी, बावीस फेऱ्यांचा. त्याच्यावर वरची वस्ती अवलंबून होती. पाणी चढ चढून जायचं, म्हणून तो पुरता उघडावा लागे. जरा कमी उघडला की शेवटच्या घरांत नळातून नुसती हवा फुसफुसायची.

माणूस म्हणून चावीवाला भला. कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण भित्रा. साहेबांनी आवाज चढवला की याचे हात आपोआप मागे बांधले जायचे. त्याची थोरली बहीण म्हणायची, देवानं याला लोखंड फिरवायचं मनगट दिलं आणि मान हलवायला मात्र एकच दिशा दिली, वरखाली.

ही बहीण म्हणजे त्याची अर्धी आईच. आई लवकर गेली तेव्हा ती अकरा वर्षांची, हा सात. वडील पहाटे निघत आणि घरात पोरांना एकटं ठेवायला नको म्हणून दोघांना बरोबर नेत. ती कंदील धरायची, हा पेंगत चालायचा. पुढे तिचं लग्न वरच्या वस्तीतल्या एका शिंप्याशी झालं. गुडघे दुखायला लागेपर्यंत ती दर आठवड्याला उतार उतरून भावाकडे यायची, आणि दुखायला लागल्यावर भाऊ चढ चढून तिच्याकडे जायला लागला. असं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग ते मतदान आलं.

नदीपलीकडे मोठं शहर होतं. आपलं गाव त्या शहरात विलीन करायचं की नाही, एवढाच प्रश्न. खालच्या वस्तीत बरेचसे लोक शहरात कामाला जाणारे, त्यांना बस हव्या होत्या, मोठा दवाखाना हवा होता. ते म्हणाले हो. वरच्या वस्तीतल्यांना वाटलं, एकदा शहरात गेलो की आपल्याला विचारतंय कोण. ते म्हणाले नाही. दोघांचंही काही चूक नव्हतं. 'हो' त्रेसष्ट मतांनी जिंकला, आणि त्या दिवसापासून गावात माणसं राहिली नाहीत, होवाले आणि नाहीवाले राहिले.

सुरुवातीला त्यात गंमतही होती. नाहीवाले दुकानात 'हो' म्हणायचं टाळायचे, नुसतं 'बरं' म्हणायचे. एका होवाल्याला दातांच्या डॉक्टरनं विचारलं, दुखतंय का? तो 'नाही' म्हणता म्हणता जीभ चावून गप्प बसला, म्हणून डॉक्टरनं त्याला आणखी एक सुई टोचली, असं लोक हसून सांगायचे. पण हसू लवकर आटलं. दोन दुकानांच्या काचा फुटल्या. एका शिक्षकानं फळ्यावर काहीतरी लिहिलं आणि अर्ध्या वर्गाचे पालक पोरांना घेऊन गेले. भाऊ भावाच्या मुलीच्या लग्नाला गेला नाही. आणि कहर म्हणजे दीड वर्षानं त्या मोठ्या शहरानं कळवलं की आमचंच आम्हाला झेपत नाही, तुमचं गाव आम्हाला नको. भांडणाचं कारण मेलं. भांडण मात्र धडधाकट.

त्याच दिवसांत नगराध्यक्षांनी चावीवाल्याला आपल्या खोलीत बोलावलं. हे होवाल्यांचे पुढारी. त्यांनी त्याला खुर्ची दिली, स्वतःच्या हातानं चहा ओतला. घरची चौकशी केली. मुलगी आपल्या पालिकेच्या दवाखान्यात नर्स आहे ना, अजून तात्पुरतीच आहे, तिला कायम करायला हवं, असं म्हणाले. मग सहज म्हणावं तसं म्हणाले की वरच्यांचा माज फार वाढलाय, जरा त्यांनाही कळू दे. व्हॉल्व्ह तुमच्या हातात आहे, तुम्ही समजदार आहात. कागद नाही, सही नाही. चावीवाल्याची मान वरखाली हलली.

दुसऱ्या दिवसापासून चढाच्या पायथ्याच्या व्हॉल्व्हला तो बावीसऐवजी सहाच फेरे द्यायला लागला.

वरच्या वस्तीत तक्रारी सुरू झाल्या. पालिकेच्या इंजिनिअरनं उत्तर दिलं की वाहिनी जुनी आहे, आतून गंजली आहे, निधी आला की बघू. वरचं पाणी कमी झालं म्हणून खालच्यांचं फार भलं झालं असंही नाही. त्यांच्या टाक्या भरून वाहायच्या आणि जास्तीचं पाणी गटारात जायचं. चावीवाला ते रोज बघायचा आणि नजर दुसरीकडे वळवायचा.

एका रविवारी तो बहिणीकडे गेला. तिनं त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि विचारलं, धाकट्या, नळाला काय झालंय रे? तो अर्धा पेला प्यायला आणि म्हणाला, "पाइप जुना झालाय, ताई. आतून गंजलाय."

चार दिवसांनी, पहाटे, तो चेंबरवर वाकलेला असताना वळणावर कोणीतरी उभं असल्याचं त्याला जाणवलं. हातात रिकामी बादली घेऊन बहीण उभी होती. दुखऱ्या गुडघ्यांनी एवढा उतार उतरून आली होती. त्या व्हॉल्व्हला किती फेरे लागतात हे तिला लहानपणापासून तोंडपाठ. प्रत्येक फेऱ्याला तो एकदा कुरकुरतो. तिनं सहा कुरकुरी ऐकल्या. मग चावी बाहेर निघाल्याचा आवाज ऐकला. भावाकडे एकदा बघितलं आणि ती चढ चढायला लागली.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती बोलायचीच बंद झाली. तीन वर्षं. तो रस्त्यानं गेला की खिडकी लागायची, तीही आपटून नाही, हळूच. भाऊजी मशीनवरून मान वर करून कसनुसं हसायचे आणि पुन्हा शिवायला लागायचे. बायकोनं खोदून खोदून विचारलं, काय बिनसलंय तुमचं? तो म्हणायचा, काही नाही, राजकारण. त्या दिवसांत राजकारण म्हटलं की कोणी पुढे विचारत नसे.

पुढच्या निवडणुकीपर्यंत लोक थकले होते. राग करायलाही ताकद लागते. दोन्हीकडचे बरेच पुढारी पडले, काही नवी माणसं निवडून आली, आणि त्यांनी एक समेट समिती नेमली. तिच्या अध्यक्ष म्हणून शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंना बसवलं. यामागे मोठा विचार होता असं नाही. दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांचे कान त्यांनी लहानपणी पिळलेले होते आणि त्या बोलायला लागल्या की ते अजूनही सरळ बसायचे, एवढंच.

दर रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात बैठक भरायची. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. सात रविवार लोक बोलले. काचा फुटलेले दुकानदार बोलले, वर्ग रिकामा झालेला शिक्षक बोलला, मोडलेल्या सोयरिकीचे दोन्हीकडचे व्याही बोलले. बाई लिहून घेत होत्या. आठव्या रविवारी त्यांनी वही मिटली.

"इतके रविवार मी ऐकतेय," त्या म्हणाल्या. "या गावात सोसलेले सगळे आहेत. केलेला एकही नाही. मग केलं कोणी?"

त्याच दिवशी पाण्याचा विषय होता. इंजिनिअरनं उत्तर टाइप करून ठेवलं होतं आणि ते वाचायला चावीवाल्याला पाठवलं होतं. रोजचा माणूस बोलला की लोकांना पटतं, असा त्याचा हिशोब. चावीवाला इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला. तिसऱ्या रांगेत त्याची बहीण बसली होती, मांडीवर पिशवी धरून. त्यानं कागद उघडला आणि वाचलं, वरच्या वस्तीची मुख्य वाहिनी जुनी असून. तिथे तो अडकला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा 'असून'पाशी अडकला. मग त्यानं कागदाची घडी घातली.

"पाइप चांगला आहे," तो म्हणाला. "पाइपला काही झालेलं नाही. त्या व्हॉल्व्हला बावीस फेरे लागतात. मी तीन वर्षं सहाच देत होतो."

कोणीतरी विचारलं, सांगितलं कोणी? तो म्हणाला, ते नाव मी बाईंना लिहून देतो, लपवणार नाही. पण हात माझा होता.

मग वरच्या वस्तीतली एक म्हातारी उठली. तिनं आवाज चढवला नाही. तिनं सांगितलं की तिचा नवरा गेला त्या उन्हाळ्यात ती त्याला दोन तांब्यांत अंघोळ घालायची. त्याला पाण्याची फार आवड होती. दोन तांब्यांत माणूस भिजतो, धुतला जात नाही. एवढं सांगून ती खाली बसली. बाईंनी चावीवाल्याला बस म्हटलं नाही. आणखी चार जण बोलले, तोवर त्या त्याला उभंच ठेवून ऐकायला लावत होत्या.

बहीण उठून गेली. त्याच्याकडे न बघता.

त्या दुपारी घरी येऊन त्यानं बायकोला आणि मुलीला सगळं सांगितलं, दवाखान्यातल्या नोकरीची गोष्टही. मुलगी म्हणाली की बाबा, परीक्षा मी दिली होती, नंबर माझा लागला होता. मला कोणाची मेहेरबानी लागणार नव्हती, निदान मला विचारायचं तरी. हे त्याला म्हातारीच्या शब्दांइतकंच लागलं. पण तो दिवसाउजेडीच आडवा झाला तो दुसऱ्या दिवशी पहाटे कामाच्या वेळेलाच उठला. तीन वर्षांत असा झोपला नव्हता. बायकोनं दोनदा नाकाशी हात धरून श्वास चाललाय ना, ते बघितलं.

उठल्यावर मात्र गाव होतंच. दारात कोणीतरी कचऱ्याची टोपली उपडी केली होती, आणि ती खालच्या वस्तीतल्या माणसानं. ज्यांच्यासाठी केलं तेच आता त्याला घरभेदी म्हणत होते. वरचे तर बोलतच नव्हते. माजी नगराध्यक्ष पुढच्या बैठकीत म्हणाले की मी असं काही सांगितलंच नव्हतं, मी फक्त 'कळू दे' म्हणालो होतो. बाईंनी विचारलं, काय कळू दे? त्यावर ते खाली बसले. त्यांचे शब्द तसेच्या तसे वहीत गेले.

पालिकेनं चावीवाल्याला सहा आठवडे निलंबित केलं आणि त्याच्या जागी इंजिनिअरचा एक माणूस पाठवला. त्यानं पहिल्याच दिवशी बाजारातला व्हॉल्व्ह उलटा फिरवला, जोर लावून, आणि तो तुटला. भाजीवाल्यांच्या टोपल्या पाण्यावर तरंगल्या. एक कोबी थेट पोलिस चौकीपर्यंत गेला. तेव्हा होवाले आणि नाहीवाले पहिल्यांदा एकाच अर्जावर सह्या करून म्हणाले की जुना चावीवाला परत द्या. तो कोणालाच नको होता, पण पाणी सगळ्यांना हवं होतं.

बाईंनी त्याला घरी बोलावलं. शिक्षा झाली तुला, त्या म्हणाल्या, पण उद्या तुझ्या जागी दुसरा भित्रा येईल. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं, ते तूच सांग. व्हॉल्व्ह मला कळत नाही.

तीन दिवस तो पेन्सिल घेऊन बसला. शाळा सुटल्यापासून त्यानं इतकं कधी लिहिलं नव्हतं. मग चतकोर कागद घेऊन बाईंकडे गेला. प्रत्येक चेंबरजवळ पाटी लावा, किती फेरे, किती वाजता, किती वेळ. वरच्या वस्तीत शेवटच्या घराच्या भिंतीवर पाण्याचा दाब दाखवणारा काटा बसवा, पोरांनाही वाचता येईल एवढा मोठा. आणि रोज पहाटे व्हॉल्व्ह उघडताना दोन माणसं हजर ठेवा, एक वरचं, एक खालचं, चिठ्ठ्या टाकून आठवड्याला बदलायची. त्यांनी फेरे मोजायचे.

बाईंनी वाचलं. "शेवटची ओळ लागत नाही. अक्षर काय तुझं."

त्यानं वाचून दाखवली. "तोंडी हुकूम पाळायचा नाही, असा नियम करा. लेखी आणि सहीचा असेल तरच पाळायचा." मग थांबून म्हणाला, "मला नाही म्हणता आलं नाही, बाई. पुढच्याला म्हणता येईल असं काहीतरी त्याच्या हातात द्या."

पालिकेच्या सभेत यावर दोन तास वाद झाला. इंजिनिअर म्हणाला, अशानं कामच चालणार नाही. एक नवी नगरसेविका म्हणाली, चालत होतं तेव्हा काय झालं ते बघितलंच की आपण. नियम मंजूर झाला, आणि नुसत्या पाण्याला नाही, पालिकेच्या सगळ्या खात्यांना लागू झाला. शिपायापासून कारकुनापर्यंत जो तो 'साहेब, तेवढं लिहून द्या' म्हणायला शिकला. पहिल्या महिन्यात साहेबांचे निम्मे हुकूम लिहायची वेळ आली तेव्हा आपोआपच गळाले.

चिठ्ठीत पहिली जोडी निघाली ती वरचा दूधवाला आणि खालचे निवृत्त पोस्टमास्तर. दोघं मतदानापासून एकमेकांशी बोलत नव्हते. चावीवाला वाकून फिरवतोय, हे दोघं दोन बाजूंना उभे, आणि मोठ्यानं मोजतायत. तेराव्या फेऱ्याला पोस्टमास्तर चौदा म्हणाले. दूधवाला म्हणाला, तेरा. पोस्टमास्तर म्हणाले की मी चाळीस वर्षं टपाल मोजलंय. दूधवाला म्हणाला, म्हणूनच माझी निम्मी पत्रं मिळाली नाहीत. शेवटी चावीवाल्याला व्हॉल्व्ह पुन्हा बंद करून पहिल्यापासून फिरवायला लावला. गावाला पाणी वीस मिनिटं उशिरा आलं आणि का आलं हे आठ वाजेपर्यंत घरोघरी झालं होतं. लोक हसले. खूप दिवसांनी दोन्हीकडचे एकाच गोष्टीला हसले.

तीनचार दिवसांनी दूधवाला थर्मासमधून चहा आणायला लागला. त्यांची पाळी संपली तरी पोस्टमास्तर पुढचे चार दिवस उगाच फिरत फिरत तिथे यायचे. पुढच्या जोड्यांतल्या काही अशा जुळल्या, काही सात दिवस तोंडातून आकड्यांखेरीज अवाक्षर न काढता निघून गेल्या. चावीवाल्याला सुरुवातीला फार लाज वाटायची, पोराकडून पाढे म्हणून घ्यावेत तसे आपले फेरे मोजले जातायत म्हणून. मग सवय झाली, आणि मग एक वेगळंच बरं वाटायला लागलं. आता कोणी चहा पाजून त्याला समजदार म्हणू शकणार नव्हतं.

दोन तांब्यांवाली म्हातारी त्याच्याशी कधीच बोलली नाही. तिच्या दारावरून जाताना तो आजही चालण्याचा वेग कमी करतो आणि मान खाली घालतो. तिनं बघावं म्हणून नाही.

बहीण आली ती चौथ्या महिन्यात, दुपारी, न कळवता. पायरीवर बसून आधी गुडघे चोळले. वहिनीनं पाणी दिलं, ते सगळं प्यायली. भाऊ समोर उभा, हात मागे.

"तुला वाटतंय मी पाण्यासाठी रागावले," ती म्हणाली. "पाण्याचं काय, मी वाहिलं असतं. भाचीची नोकरी आहे, साहेब मागे लागलाय, एवढं सांगितलं असतंस तर मी शिव्या दिल्या असत्या आणि बादल्या उचलल्या असत्या. तू माझ्याच घरात बसून, माझंच पाणी पिऊन म्हणालास, पाइप गंजलाय. मला. जिनं तुला ते फेरे मोजायला शिकवलं तिला."

तो म्हणाला, "चुकलं, ताई."

"चुकलंच. ते तिसऱ्या रांगेतून ऐकलं मी. तेव्हा उठून गेले, कारण तिथे सगळ्यांसमोर मला रडायचं नव्हतं. नंतर चार महिने गुडघ्यांनी खाल्ले." तिनं आत वाकून बघितलं. "जेवायला काय आहे?"

एवढंच झालं. नंतर बायकोनं विचारलं की मन मोकळं झालं का तुमचं दोघांचं. तो म्हणाला, माहीत नाही, पण तिनं भाजीला मीठ कमी आहे असं दोनदा सांगितलं. बायको म्हणाली, म्हणजे झालं.

तेव्हापासून रविवारचं जेवण पुन्हा वरच्या वस्तीत. वादाला तोटा नाही. मागच्या वर्षी बसस्थानक खालीच ठेवायचं की वर हलवायचं, यावर गावात मतदान झालं. बहीण म्हणाली, वरच हवं, खालच्यांनी आजवर सगळं उशाशी घेऊन झोपायचं आणि आम्ही चढउतार करायचा का? भाऊ म्हणाला, बस चढावर नेणं म्हणजे इंधनाचा धूर. हातातले घास वाळेपर्यंत दोघं तावातावानं भांडले. भाऊजींनी आणि वहिनीनं आपली ताटं उचलून खिडकीशी नेली आणि निवांत जेवण केलं. शेवटी बहिणीनं भावाला विचारलं, वाढू का अजून, आणि तो रागातच म्हणाला, वाढ.

मतदानात वरची बाजू जिंकली. निकालाच्या संध्याकाळी कोणाची काच फुटली नाही. खालच्यांनी दोन दिवस तोंडं वाकडी केली आणि तिसऱ्या दिवशी नव्या वेळापत्रकात चुका काढायला लागले. बस आता वरच्या वस्तीतून सुटते. चावीवाल्याला कुठे जायचं झालं की चढ चढावा लागतो. वाटेत बहिणीचं घर लागतं, त्यामुळे त्याची बस बऱ्याचदा चुकते.